घराचे वासे फिरू नयेत म्हणून

घर म्हटलं, की आधी उंबरठा आठवतो, मग कडी-कोयंडा आणि मग कुलूप. जुन्या घरात किल्ल्यांचा जुडगा घरातल्या मोठ्या बाईच्या कमरेला असायचा. कुलूप खरखरायला लागलं, की त्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे. कडी ढिली झाली, की सुताराला हाक मारायची. घराची सुरक्षितता आणि घराची देखभाल या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या, हाताला लागत होत्या.

आता तीच कडी, तेच कुलूप, तोच दिवा फोनमध्ये जाऊन बसला आहे. दारावरची घंटा वाजली, की बाहेर कोण उभं आहे ते फोनवर दिसतं. ऑफिसातून निघतानाच एसी चालू करता येतो. गीझर ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या वेळी बंद होतो. रमजानात सहेरीच्या वेळी स्वयंपाकघरातला दिवा आपोआप लागतो, दिवाळीत आकाशकंदील संध्याकाळी आपोआप उजळतो. या सगळ्या वस्तूंना मिळून हल्ली ‘स्मार्ट होम’ म्हणतात. ही काही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. हजार-दीड हजाराचा कॅमेरा आणि पाच-सातशेचा दिवा आज लहान शहरातल्या दोन खोल्यांतही पोहोचला आहे.

या वस्तूंकडून आपल्या अपेक्षा दोनच आहेत. एक, लागेल तेव्हा त्या चालल्या पाहिजेत. दोन, त्यांनी फक्त आपलंच ऐकलं पाहिजे. कुलुपाकडूनही आपण हेच मागत होतो. पण या नव्या वस्तूंच्या बाबतीत ते कसं साधायचं, हे बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. वस्तू बसवणारा मुलगा अर्ध्या तासात काम उरकून जातो आणि घर त्या वस्तूंच्या हवाली होतं.

आधी हे समजून घेऊ, की आपण फोनवर बोट ठेवतो तेव्हा नेमकं काय होतं. दिवा आपल्यापासून दहा फुटांवर असतो. पण ‘लाग’ हा निरोप थेट त्याच्याकडे जातोच असं नाही. बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत तो आधी घरातल्या राउटरकडे जातो. राउटर म्हणजे ब्रॉडबँडवाल्यांनी भिंतीवर लावलेला, अँटेनावाला डबा. तिथून तो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. हा संगणक मुंबईत असेल, सिंगापूरला असेल किंवा अमेरिकेतही असेल. तो संगणक खातं तपासतो आणि निरोप परत आपल्या राउटरकडे पाठवतो. राउटर तो दिव्याला देतो. एवढा प्रवास डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतो, म्हणून आपल्याला तो जाणवत नाही.

म्हणजे या साखळीत चार कड्या आहेत : वीज, घरातलं वाय-फाय, बाहेरचं इंटरनेट आणि कंपनीचा संगणक. दिवा लागला नाही, की आपण दिव्याला दोष देतो. खरं तर चारांपैकी कोणती कडी निखळली, ते आधी पाहायला हवं. तपासण्याचा क्रमही सोपा आहे. राउटरचे दिवे लागले आहेत का ते पाहा. मग त्याच वाय-फायवर फोनमध्ये दुसरं काही उघडतं का ते पाहा. ते उघडत असेल आणि घरातल्या एकाच कंपनीच्या सगळ्या वस्तू गप्प असतील, तर दोष बहुधा त्या कंपनीच्या बाजूचा आहे. एकच वस्तू गप्प असेल, तर ती वस्तू किंवा तिची जागा तपासा.

पहिली कडी विजेची. परदेशात तयार होणाऱ्या या वस्तूंची रचना वीज क्वचितच जाते असं गृहीत धरून केलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात, वळवाच्या पावसात वीज येते-जाते हे गृहीत धरावं लागतं. घरात इन्व्हर्टर असला तरी त्यावर जाताना क्षणभर खंड पडू शकतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याला सावरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोपर्यंत कॅमेरा आंधळा, घंटा मुकी. यावर उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो. विटेच्या निम्म्या आकाराची ती पेटी राउटरला काही तास चालवते. विकत घेताना राउटरच्या ॲडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर तिच्याशी जुळतात का, एवढंच पाहायचं. भिंतीवर फायबर जोडणीचा वेगळा डबा असेल, तर त्यालाही तोच आधार लागतो, हे विसरू नये.

विजेच्या लपंडावाचा आणखी एक परिणाम आहे. अनेक स्मार्ट दिवे असे बनवलेले असतात, की बटण तीन ते पाच वेळा भरभर चालू-बंद केलं, की ते जुनं सगळं विसरतात आणि नव्यानं जोडणी मागतात. ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. पण वीज तशीच भरभर आली-गेली, तर दिव्याला वाटतं मालकानंच सांगितलं. मग तो लुकलुकत बसतो आणि घरातले म्हणतात, बिघडला. तो बिघडलेला नसतो. ॲपमधून पुन्हा जोडला, की चालू होतो.

आपल्या सवयीचाही यात वाटा आहे. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही चांगली सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली. पण स्मार्ट दिव्याचं भिंतीवरचं बटण बंद झालं, की त्याची वीजच तुटते आणि फोनवरून कितीही सांगितलं तरी तो लागत नाही. ज्या घरात वडीलधारी माणसं, लहान मुलं, कामाला येणाऱ्या बाई असे सगळे बटण वापरतात, तिथे स्मार्ट दिव्यापेक्षा बटणाच्या बोर्डात मागे बसवायचा स्मार्ट स्विच बरा. मग दिवा साधाच राहतो, बटणानंही चालतो आणि फोननंही चालतो. असे बरेच स्विच बोर्डात न्यूट्रलची तार मागतात. जुन्या वायरिंगमध्ये ती प्रत्येक बोर्डात असेलच असं नाही. तेव्हा आधी वायरमनला बोर्ड उघडून पाहायला सांगावं आणि मगच खरेदी करावी.

गीझरच्या बाबतीत थोडं थांबून बोलतो, कारण इथे प्रश्न आगीचा आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो आणि ३००० वॅटचा तेरा अँपिअर. बाजारात स्वस्त मिळणारे लहान स्मार्ट प्लग सहा किंवा दहा अँपिअरचे असतात. ते दिवा, पंखा, मोबाइलचा चार्जर यांच्यासाठी आहेत. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर यांच्यासाठी सोळा अँपिअरचाच प्लग हवा, तोही बीआयएसची खूण पाहून घेतलेला. प्लग हाताला गरम लागला किंवा त्याचं प्लास्टिक पिवळं पडू लागलं, तर तो त्याच दिवशी काढून टाकावा.

दुसरी कडी वाय-फायची. राउटर कुठे लागतो? तार जिथून घरात शिरते तिथे. म्हणजे दाराशी, लोखंडी कपाटाच्या मागे, नाहीतर टीव्हीच्या आड. लोखंड आणि काँक्रीट या लहरी अडवतात. राउटर घराच्या मध्याशी आणि उंचावर असावा. दुसरी गोष्ट, आजचे बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिल्या सावकाश पण लांब जाणाऱ्या, भिंत ओलांडणाऱ्या. दुसऱ्या वेगवान पण भिंतीशी थबकणाऱ्या. घरातले दिवे, प्लग, कॅमेरे बहुतेक पहिल्यावरच चालतात. नवी वस्तू जोडताना फोन दुसऱ्या लहरींवर असेल, तर कित्येकदा जोडणी होत नाही. ‘जोडतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

आणि एक युक्ती सांगतो, फार कामाची आहे. राउटर बदलायची वेळ आली, तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. घरातल्या वस्तूंना राउटर ओळखता येत नाही. त्या नाव आणि पासवर्ड ओळखतात. दोन्ही तेच राहिले, तर त्या बहुधा आपापल्या येऊन जोडल्या जातात. नाहीतर वीस वस्तू वीस वेळा नव्यानं जोडत बसावं लागतं. अर्थात जुना पासवर्ड मुळात मजबूत हवा. तो मोबाइल नंबर असेल किंवा सगळ्या गल्लीला ठाऊक असेल, तर बदललेलाच बरा.

उरलेल्या दोन कड्या आपल्या हातात नाहीत. बाहेरचं इंटरनेट आणि कंपनीचा संगणक. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या संगणककेंद्रात बिघाड झाला आणि तिथल्या कित्येक घरांतले झाडू मारणारे यंत्रमानव जागच्या जागी थांबले, दारावरचे कॅमेरे बंद पडले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा तसंच घडलं. त्या वेळी तर इंटरनेटवर चालणारे महागडे पलंगसुद्धा अडकले. कुणाचा गरम होऊन बसला, कुणाचा उचललेल्या स्थितीतून खाली येईना. झोपायच्या पलंगाला हजारो मैलांवरच्या संगणकाची परवानगी लागावी, यात हसण्यासारखं आहे तसं विचार करण्यासारखंही आहे.

बिघाड दुरुस्त होतो. पण कंपनीच बंद झाली तर? रिव्हॉल्व्ह नावाचा घर सांभाळणारा एक डबा अमेरिकेत साधारण ३०० डॉलरला विकला जात होता. ती कंपनी २०१४ मध्ये नेस्टनं विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे संगणक बंद केले. लोकांच्या घरातले धडधाकट डबे एका दिवसात निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे संगणक ग्राहकांना पूर्वसूचना न देता बंद झाले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. पण सगळ्यांचंच नशीब असं नसतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे घर जागेवरच असतं, कंपनी फिरते आणि वासे फिरतात.

म्हणून दुकानात किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना ही वस्तू घरातल्या घरात चालते का? फोन नसताना हातानं चालते का? आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाचं एक सामाईक मानक आलं. ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग अशा प्रतिस्पर्धी कंपन्या त्यात एकत्र आहेत. या मानकाच्या वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांशी जुळतात आणि रोजचं काम घरातल्या घरात करू शकतात. खोक्यावर ती खूण असेल, तर एका कंपनीवरचं अवलंबन कमी होतं. कुलुपाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. स्मार्ट कुलूप घ्यायचं, तर ज्याला साधी किल्लीही लागते असंच घ्यावं आणि ती किल्ली घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी. त्याच्या सेलचा इशारा आला, की त्याच आठवड्यात सेल बदलावेत.

आता दुसरी अपेक्षा. वस्तूनं फक्त आपलंच ऐकावं.

२०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. जपानी भाषेत मिराई म्हणजे भविष्य. त्याची रीत अगदी साधी होती. तो इंटरनेटवर उघड्या असलेल्या कॅमेऱ्यांचे, राउटरचे, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेट्यांचे दरवाजे ठोठावत फिरायचा. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नावं-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. ‘ॲडमिन-ॲडमिन’, ‘रूट-१२३४५’ अशा थाटाच्या. मालकानं पासवर्ड बदललेला नसला, की दार उघडायचं. अशा लाखो वस्तूंची फौज त्यानं उभी केली. तो लिहिणाऱ्या तरुणांनी सप्टेंबर २०१६ अखेर त्याचा सगळा मजकूर जगासाठी खुला केला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच फौजेनं डिन नावाच्या कंपनीवर एकदम मागण्यांचा भडिमार केला. इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणं हे या कंपनीचं काम. ती कोलमडली आणि अमेरिकेतल्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. मिराई लिहिणाऱ्या तिघा अमेरिकन तरुणांनी २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

या कथेत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्यांचे कॅमेरे या फौजेत होते त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा चालत होता. चोर घरात शिरून काही नेत नव्हता. तो आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरावर दगड मारत होता. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा. यंत्र बंद करून चालू केलं, की तो पुसला जायचा. पण पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत पुन्हा शिरायचा. नुसतं बंद-चालू करणं हा उपाय नाही, तो इथे दिसतो.

कुणाला वाटेल, हे अमेरिकेतलं झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. उपचारासाठी आलेल्या स्त्रिया त्यात दिसत होत्या. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही तरुण होते. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, ‘ॲडमिन१२३’ होता, अशा बातम्या पुढे आल्या. ज्या कॅमेऱ्यांनी रखवाली करायची, त्यांनीच अब्रू बाजारात नेली. कुंपणच शेत खातं ते असं.

यापासून बचाव करायला संगणकाची पदवी लागत नाही. सहा कामं आहेत आणि एका रविवारच्या दुपारी होतात.

पहिलं काम, प्रत्येक वस्तूचा कारखान्याचा पासवर्ड बदलणं. राउटरचे पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक वाय-फायचा आणि दुसरा राउटरच्या आतल्या मांडणीत शिरण्याचा. दुसराच अधिक महत्त्वाचा, आणि तोच सहसा ‘ॲडमिन’ राहिलेला असतो. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडले, तरी आपल्याला आठवतो आणि दुसऱ्याला सापडणं अवघड जातं. मात्र म्हण, गाण्याची ओळ किंवा मुलाचं नाव नको.

दुसरं, एकच पासवर्ड सगळीकडे वापरायचा नाही. कुठल्यातरी दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटतो आणि चोर तोच कॅमेऱ्याच्या खात्यावर लावून पाहतात. तिसरं, कॅमेऱ्याच्या आणि कुलुपाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावणं. म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा आकडाही लागतो. बँकेच्या व्यवहारामुळे तो आपल्या सवयीचा आहेच. तो आकडा फोनवरून कुणालाही सांगायचा नाही, हा बँकेचा नियम इथेही लागू.

चौथं, अपडेट. वस्तूच्या आतल्या प्रोग्राममध्ये चुका सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवते. ॲपमध्ये ‘आपोआप अपडेट’ चालू ठेवावं. राउटरचंही पाहावं, कारण त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. ज्या वस्तूचे अपडेट कंपनीनं कायमचे थांबवले आहेत, ती इंटरनेटपासून तोडावी. पाचवं, वस्तूंना वेगळी खोली देणं. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय सुरू करता येतं. कॅमेरे, दिवे, टीव्ही त्यावर ठेवावेत आणि बँकेचे व्यवहार करणारे फोन, संगणक मुख्य वाय-फायवर. मग एखाद्या स्वस्त दिव्यातून कुणी शिरलाच, तरी तो ओसरीवरच राहतो, माजघरात येत नाही. सहावं, राउटर बाहेरून चालवण्याची सोय बंद ठेवणं. वस्तूंना परस्पर बाहेरची दारं उघडू देणारी ‘यूपीएनपी’ नावाची सोयही, गरज नसेल तर, बंद करावी.

एवढं केल्यावर घर पूर्ण सुरक्षित झालं का? प्रामाणिक उत्तर असं, की धोका पुष्कळ कमी झाला, संपला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना काही काळ दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसली. त्यात ग्राहकांचा काहीच दोष नव्हता. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कॅमेरा-कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या खासगी चित्रणापर्यंत पोहोचता येत होतं, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२३ मध्ये ठेवला आणि ते प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटलं. तेव्हा चांगला पासवर्ड हे कुलूप आहे, पण कॅमेरा कुठे लावायचा हा निर्णय त्याच्याही आधीचा आहे. जे चित्र जगानं पाहिलं तर आपल्याला चालणार नाही, ते कॅमेऱ्यासमोर येऊच नये. झोपायची खोली, कपडे बदलायची जागा, आजारी माणसाची खाट, इथे कॅमेरा नको. दाराकडे, जिन्याकडे, अंगणाकडे तोंड करून तो खुशाल असावा. शेजाऱ्यांच्या दारावर मात्र त्याची नजर जाऊ नये.

हा प्रश्न घराघरांत नात्यांपर्यंत जातो, म्हणून एक उदाहरण देतो. नात्यातल्या आमच्या एक खाला सोलापुरात एकट्या राहतात. मुलगा आखातात नोकरीला. आईच्या काळजीनं त्यानं बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. काही दिवसांनी रोज दुपारी कॅमेरा अंधारा होऊ लागला. मुलगा घाबरला, दोनदा शेजाऱ्यांना धाडलं. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. खाला दुपारी पाय पसरून बसायच्या आधी त्यावर ओढणी टाकत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मुलाची काळजी कळते, पण स्वतःच्या घरात कुणी पाहत असताना बसणं जमत नाही. शेवटी कॅमेरा दाराबाहेर गेला. आत दार उघडल्या-मिटल्याची खूण मुलाला पाठवणारा एक लहानसा तुकडा बसला आणि खाटेशी एक बटण, अडचणीच्या वेळी दाबायला. सकाळी दार उघडलं, की मुलाला तिकडे कळतं, आई उठली. त्याला हवी ती खबर मिळते आणि त्यांची दुपार त्यांची राहते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात वस्तू लावताना त्यांना विचारलं, तर अशी वाट सापडते. न विचारता लावली, तर ओढणी पडणारच.

याच संदर्भात एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ घरांत सगळ्या वस्तू एकाच मुलाच्या नंबरवर, त्याच्या ईमेलवर जोडलेल्या असतात. तो परदेशी गेला, नंबर बदलला, की पडताळणीचा आकडा जातो बंद नंबरवर आणि आई-वडील आपल्याच घराबाहेर. खातं घरात राहणाऱ्या माणसाच्या नावानं असावं आणि बाकीच्यांना ॲपमधून वाटा द्यावा. दिलेला वाटा परत घेणंही लक्षात ठेवावं. बसवायला आलेल्या माणसाच्या फोनमध्ये खातं राहिलं का, पूर्वीच्या भाडेकरूचा नंबर अजून कुलुपात आहे का, घर सोडून गेलेल्या जोडीदाराला कॅमेरा अजून दिसतो का, हे तपासायला हवं. विभक्त झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न साध्या गैरसोयीचा राहत नाही, त्यांच्या जिवाचा होतो. जुनी वस्तू विकताना किंवा कुणाला देताना ती कारखान्यातून आली तशी पुसून, खात्यातून काढूनच द्यावी.

सगळा भार ग्राहकानंच उचलावा, हेही बरोबर नाही, आणि आता कायदे थोडे पुढे सरकले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायला बंदी आहे आणि अपडेट किमान किती काळ मिळतील ते कंपनीला आधी सांगावं लागतं. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. पण त्याआधी बसवलेले कॅमेरे भिंतीवर तसेच आहेत, त्यांचं आपणच पाहायचं आहे. घरातल्या फोन-संगणकांची सफाई करायला केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनं २०१७ पासून विनामूल्य मिळतात. कुणी आपल्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवून धमकावलं, पैसे मागितले, तर घाबरून पैसे देऊ नयेत. १९३० या क्रमांकावर फोन करावा, जवळच्या पोलीस ठाण्यात जावं आणि आलेले निरोप पुसू नयेत, ते पुरावा असतात.

शेवटी एका वहीबद्दल सांगतो. किराण्याची वही असते, दुधाची वही असते, तशी या वस्तूंचीही एक वही असावी, कागदाची. वस्तूचं नाव, कोणत्या महिन्यात घेतली, कुठे बसवली, कोणाच्या खात्यावर आहे, सेल कधी बदलले, अपडेट कधीपर्यंत मिळणार. वस्तूवर चिकटवलेल्या चौकटीदार कोडचा फोटो छापून तिथेच लावावा, कारण पुन्हा जोडताना तो लागतो आणि तोवर दिवा छताला टांगलेला असतो. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. ते लिहायचेच, तर वेगळ्या कागदावर, घराच्या कागदपत्रांबरोबर कुलपात. महिन्यातून एकदा, वीजबिल भरायच्या दिवशी, ही वही उघडावी. त्या दिवशी राउटर एकदा बंद करून चालू करावा, ॲपमध्ये कोणाकोणाला वाटा दिला आहे त्या नावांवर नजर टाकावी, कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहावं आणि दाराची साधी किल्ली एकदा फिरवून बघावी. आणि हे काम घरातल्या एकाच हुशार मुलावर सोपवू नये. किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला होता, तिला कोणती किल्ली कशाची ते ठाऊक होतं. आज घरात राहणाऱ्या किमान दोघांना तरी ते ठाऊक असावं.